गढी

गावाच्या संरक्षणासाठी किंवा गावातील वतनदाराच्या निवासासाठी उभारलेले, तट व बुरूज असलेले कोटवजा लहान बांधकाम. ‘गढ’ म्हणजे किल्ला. ‘गढी’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप होय. भुईकोट किल्ल्यात राज्याची शिबंदी, किल्लेदार आणि दारूगोळ्याचे कोठार असे. गढी मात्र पाटील, देशमुख, देशपांडे किंवा एखादा सरदार यांच्या ताब्यात असे आणि तिचा बचाव मुख्यतः गावकऱ्यांनाच करावा लागे. वाडा आणि गढी यांतील सीमारेषा काहीशी पुसट आहे. तथापि केवळ भक्कम दरवाजा व उंच भिंती असलेल्या घरास वाडा आणि बुरूज, चर्या व जंग्या यांनी युक्त अशा वास्तूस गढी म्हणण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रात खानदेश, मराठवाडा आणि भीमा–गोदावरी खोरी येथे गढ्या आढळतात. परंतु डोंगरी किल्ल्यांचा आसरा नसलेल्या वऱ्हाड व नागपूर या सपाट प्रदेशांत त्यांचे महत्त्व विशेष होते. पुष्कळ गावी आज मूळ गढीचा एखादा बुरूज किंवा पांढऱ्या मातीचे उंच टेकाडच तेवढे शिल्लक आहे.

प्राचीन परंपरा : मातीच्या तटाने वस्ती सुरक्षित करण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीला तटबंदी व खंदक होता, असे उत्खननात दिसून आले. विदर्भात वैनगंगेकाठच्या पवनी (भंडारा जिल्हा) येथे प्राचीन नगराभोवतीचा मातीचा प्रचंड तट व खंदक आजही दिसतो. तेथे १९६९–७० मध्ये उत्खनन झाले. नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील अडम येथेही मातीचा तट आणि खंदक असलेले प्राचीन नगर उजेडात आले. मनुस्मृतीतील सहा प्रकारच्या दुर्गांत ‘महीदुर्गा’चा समावेश आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खंदकातून निघालेल्या मातीचाच वप्र (मातीचा बांध) रचावा, तो हत्ती व बैल यांच्याकडून तुडवून घ्यावा आणि त्यावर काटेरी झुडपे व विषारी वेली लावाव्यात, असे सांगितले आहे. खणलेली माती वाया न घालवता तिचाच तट करणे, हे तत्त्व अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील गढ्यांतही कायम राहिलेले दिसते. पवनी व अडम येथील तट मात्र नगरांचे होते. गावोगावी स्वतंत्र आश्रयस्थान बांधण्याची वेळ पुढील काळातील परिस्थितीने आणली.

उभारणीची कारणे : सर्व गढ्या एकाच काळातील नाहीत. काही बहमनी व निजामशाही काळांतील सरदारांनी बांधल्या, तर काही देशमुखीच्या भांडणातून उभ्या राहिल्या. वऱ्हाडात अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही वसूल चाले. या दुअंमलामुळे एकाच गावाला दोन धन्यांच्या तगाद्यास तोंड द्यावे लागे व वतनदारास स्वसंरक्षणाची गरज भासे. तथापि नागपूर प्रदेशातील गावगढ्यांपैकी बहुसंख्य गढ्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या थोड्या वर्षांत बांधल्या गेल्या आणि त्यांचे कारण पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या हे होते.

१८०३ मध्ये दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात असई, अडगाव व गाविलगड येथे पराभव झाल्यावर दुसरे रघूजी भोसले यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात देवगावचा तह केला. या तहाने कटक व बालासोर इंग्रजांकडे गेले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील भोसल्यांचा हक्क संपुष्टात आला. राज्याचे उत्पन्न घटले. उरलेल्या मुलखावरील साऱ्याचा बोजा वाढविण्यात आला. अनेक संस्थानांच्या फौजांतून कमी झालेले शिपाई लुटारू टोळ्यांना मिळाले. नर्मदेच्या खोऱ्यात तळ असलेले पेंढारी दसऱ्यानंतर, पावसाळ्यात फुगलेल्या नद्या उतरल्या की मोहिमेवर निघत आणि सातपुडा ओलांडून दक्षिणेकडे येत. १८११ मध्ये त्यांनी खुद्द नागपूर या राजधानीपर्यंत मजल मारून शहराबाहेरील वस्ती जाळली. राजधानीच सुरक्षित राहिली नाही, तेव्हा खेड्यांना सरकारी फौजेचा भरवसा उरला नाही. याच सुमारास गावोगावी गढ्या उभ्या राहिल्या.

या संकटाचे स्वरूप १८१६ मधील एका स्वारीवरून स्पष्ट होते. त्या वर्षी पेंढाऱ्यांची एक फौज मद्रास इलाख्यातील गुंटूर व लगतच्या मुलखात शिरली. कंपनी सरकारने नंतर केलेल्या चौकशीनुसार सु. बारा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली गेली, ५०५ जबर जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा पुरलेले धन काढून घेण्यासाठी छळ करण्यात आला. हे प्रमाण दिवसाला सु. २८ गावे एवढे पडते. याचा अर्थ असा, की टोळ्या विभागल्या जात असल्या, तरी एका गावाच्या वाट्याला काही तासच येत. पेंढारी घोडेस्वार असून भाला हे त्यांचे मुख्य शस्त्र होते. त्यांच्याजवळ तंबू, सामानसुमान वा तट फोडण्याजोगा तोफखाना नसे. वेग हेच त्यांचे बळ होते आणि वेढा घालून बसणे त्यांना परवडणारे नव्हते. गढीच्या रचनेचे मर्म येथेच आहे. ती राजाच्या सैन्याशी महिनोन्‌महिने झुंजण्यासाठी नव्हती. स्वार पुढच्या गावाकडे वळेपर्यंत, म्हणजे काही तास किंवा फार तर एकदोन दिवस, माणसांचे प्राण वाचविण्यासाठी होती.

जागा व माती : गावाच्या जमिनीचे ‘काळी’ व ‘पांढरी’ असे दोन भाग मानले जातात. काळी म्हणजे शेतजमीन व पांढरी म्हणजे गावठाण. गढी बहुधा पांढरीत, गावातील सर्वांत उंच जागी किंवा नदी-नाल्याच्या काठावर बांधली जाई. या निवडीमागे उंचीइतकेच मातीचे गुणधर्मही कारणीभूत होते. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. तिचा तट टिकत नाही. पांढरीची माती शतकानुशतकांच्या मानवी वस्तीतून तयार झालेली असते. पडलेल्या भिंतींचा गाळ, चुलीतील राख, शेण व चुनखडीचे कण यांनी ती भुरकट-पांढुरकी होते. ती कमी फुगते व चांगली घट्ट बसते. यामुळेच अनेक गढ्या प्राचीन वस्तीच्या टेकाडांवर उभ्या आहेत आणि त्यांच्या कोसळलेल्या कडांत जुनी खापरे दिसतात.

तटासाठी माती खणून तीत पाणी, गव्हाचा भुसा किंवा गवताचे तुकडे व शेण मिसळत आणि तो चिखल काही दिवस मुरवून पायांनी तुडवीत. या चिखलाचे थर एकावर एक चढविले जात. खालचा थर सुकल्याशिवाय वरचा थर देत नसत. ऐपतीप्रमाणे पायाशी काळ्या पाषाणाचे चिरे आणि बाहेरच्या अंगास भाजलेल्या विटांचे किंवा दगडांचे अस्तर असे. खोदाई व मातीकाम हा वडार व बेलदार यांचा व्यवसाय होता. दरवाजे, तुळया आणि खिळे-पट्ट्या यांचे काम गावातील सुतार व लोहार करीत.

रचना : गढीचा आराखडा सामान्यतः चौरस किंवा आयताकार असून चार कोपऱ्यांवर चार बुरूज असत. गाव लहान असल्यास एकच मोठा बुरूज आणि त्यास लागून भिंतीने वेढलेले आवार एवढीच व्यवस्था असे. बुरूज गोल ठेवण्यास दोन कारणे होती. एक म्हणजे गोल बुरुजावरून तटाच्या दोन्ही बाजू दिसतात आणि पायथ्याशी येणाऱ्यास लपण्यासारखा कोपरा उरत नाही. दुसरे असे, की मातीच्या बांधकामाचे कोपरे पावसाने व धक्क्याने आधी झडतात. गोलाई हा दोष टाळते व आतील भरावाचा दाबही चोहोकडे सारखा वाटते. तट व बुरूज पायाशी रुंद आणि वर निमुळते असत. या ढाळामुळे भिंतीस स्थैर्य येई. बुरुजाचा खालचा भाग मातीने भरीव असून वरचा भाग टेहळणीसाठी मोकळा ठेवीत.

तटाच्या माथ्यावरून चालण्याच्या वाटेस फांजी म्हणतात. फांजीच्या बाहेरच्या कडेस चर्या असत आणि त्यांच्याखाली बंदुकीच्या नळीपुरत्या जंग्या ठेवलेल्या असत. जंगीचे तोंड बाहेरून अरुंद व आतून रुंद असून तिचा उतार खाली असे. त्यामुळे आतील माणूस सुरक्षित राहून पायथ्याजवळच्या शत्रूवर नेम धरू शके. दरवाजा एकच असून तो शक्यतो वळणावर, दोन बुरुजांच्या आड ठेवीत. त्याच्या जाड सागवानी फळ्यांवर लोखंडी खिळे व पट्ट्या मारलेल्या असत. आतून लावण्याचा अडसर भिंतीतील पोकळीत सरकवून ठेवता येई. दरवाजातील दिंडीतून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत जाऊ शके. आतील दोन्ही बाजूंच्या देवड्यांत पहारेकरी बसत.

आतील पहिल्या चौकात सदर असे. येथे पाटील-देशमुखांची बैठक, वसुलाचा हिशेब व पंचायत चाले. त्यामागे माजघर, स्वयंपाकघर व देवघर असलेला राहता भाग आणि एका बाजूस गुरांचा गोठा असे. पश्चिम वऱ्हाडात पाऊस कमी असल्याने आतील घरांवर मातीचे सपाट धाबे असे. नागपूरकडे, जेथे वर्षाला सु. १,१०० मिमी. पाऊस पडतो, तेथे उतरती कवेलूची छपरे आढळतात. गढीच्या उपयुक्ततेच्या दृष्टीने दोन गोष्टी अत्यावश्यक होत्या. पहिली म्हणजे आतील विहीर किंवा आड आणि दुसरी म्हणजे धान्याची पेवे. पेव हे जमिनीखालील मडक्याच्या आकाराचे कोठार असून त्याचे तोंड लहान ठेवीत व ते बुजविल्यावर वरून ओळखू येत नसे. भिंतींच्या पोकळीतील बळदांतही धान्य साठवीत.

बचावाची पद्धत : बुरुजावरील टेहळ्यास दूरवर धूळ उडताना दिसली, की नगारा किंवा शिंग वाजवून इशारा देत. शेतातील माणसे, बायका-मुले आणि शक्य तेवढी गुरे आत घेऊन दरवाजा बंद केला जाई. बचावासाठी तोड्याच्या बंदुका, भाले, तलवारी व गोफणी यांचा उपयोग होई. मोठ्या गढीवर जंबुऱ्यासारखी एखादी लहान तोफही असे. मातीच्या भिंतीला आग लागत नाही आणि तोफगोळा तिच्यात रुतून बसतो. यांपैकी दुसरा गुण दगडी भिंतीत नाही. मात्र गढीत वाचविता येई ते फारच थोडे. घरे, उभी पिके, गंजी व आत न आलेली गुरे शत्रूच्या हाती पडत. गढीच्या आड लढणाऱ्या कुणब्याने तटाबाहेरचे सर्व काही आधीच गमावलेले असे व तो केवळ जिवासाठी लढत असे. आतील पेवांतील बियाण्याचे धान्य वाचले, तर पुढील वर्षी गाव पुन्हा वसण्याची आशा राही.

गढी व गाव : गढीकडे केवळ सामुदायिक आश्रयस्थान म्हणून पाहणे एकांगी ठरेल. ज्याची गढी त्याची गावावर सत्ता, अशी स्थिती होती. संकटकाळी दार उघडणारा वतनदार एरवी त्याच तटाच्या बळावर वसूल करी, वेठीने मातीकाम करवून घेई आणि प्रसंगी वरिष्ठ सत्तेलाही वसूल नाकारी. शेजारच्या तेलंगणात ‘गडी’ हे जमीनदाराच्या तटबंद निवासाचे नाव असून तेथील लोकस्मृतीत ती आश्रयापेक्षा जुलमाचे प्रतीक म्हणून राहिली आहे. महाराष्ट्रातील गढ्यांत हे दोन्ही धागे एकत्र गुंफलेले आहेत.

तटाने माणसांची विभागणीही केली. गावाभोवतीच्या भिंतीस ‘गावकूस’ म्हणत आणि तिच्यातील दरवाजास ‘वेस’. वेशीवर पहारा देणारा वेसकर हा महार असे. येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवणे, रात्रीची गस्त घालणे आणि संकटाची वर्दी देणे ही कामे त्याच्याकडे होती. परंतु अस्पृश्यतेमुळे त्याची स्वतःची वस्ती गावकुसाबाहेर होती. म्हणजे ज्यांच्यावर तटाच्या राखणीची जबाबदारी, त्यांचीच घरे तटाच्या संरक्षणाबाहेर राहिली आणि हल्ल्याचा पहिला आघात त्यांच्यावर होई. भिंती पडून गेल्यावरही ‘गावकुसाबाहेर’ हा शब्दप्रयोग मराठीत सामाजिक बहिष्काराच्या अर्थाने टिकून आहे.

इतर देशांतील समांतर वास्तू : चपळ लुटारूंपासून थोडा काळ बचाव करण्यासाठी ग्रामीण बुरूज बांधण्याची कल्पना अन्यत्रही स्वतंत्रपणे रूढ झाली. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवर चौदाव्या शतकापासून गुरे पळविणाऱ्या टोळ्यांच्या भीतीने ‘पील’ नावाचे दगडी बुरूज उभारण्यात आले. १६०३ मध्ये दोन्ही राज्ये एका राजाखाली आल्यानंतर त्यांची गरज हळूहळू संपली. जॉर्जियातील स्वानेती या डोंगराळ भागात प्रत्येक घराण्याचा स्वतंत्र उंच दगडी मनोरा असे. शत्रूच्या स्वाऱ्यांप्रमाणेच घराण्याघराण्यांतील वैरापासूनही तो संरक्षण देई. दक्षिण चीनमधील कायपिंगच्या खेड्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी गेलेल्या कुटुंबीयांच्या पैशातून दरोडेखोरांविरुद्ध बहुमजली बुरूज बांधले गेले. स्वानेती (१९९६) व कायपिंग (२००७) येथील बुरुजांचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झालेला आहे. हे बुरूज मुख्यतः दगड, विटा वा काँक्रीट यांचे असल्याने टिकले. विदर्भातील गढ्यांचे बांधकाम मातीचे असल्याने त्यांचे भवितव्य वेगळे झाले.

ऱ्हास व सद्यःस्थिती : मातीची वास्तू टिकते ती दरवर्षीच्या डागडुजीमुळे. पावसाळ्यापूर्वी माथ्यावरील भेगा बुजवणे, पन्हळी साफ करणे व भिंतींना नवा गिलावा देणे आवश्यक असते. ही देखभाल थांबली, की माथ्यातून पाणी झिरपते, बाहेरचे विटांचे अस्तर आतील भरावापासून सुटते, पायाशी क्षार साचून माती भुसभुशीत होते आणि पिंपळ, वड यांची मुळे भेगा रुंदावतात. १८१७–१८ च्या मोहिमेत पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला. करीमखान शरण आला व त्यास गोरखपूरकडे जमीन देण्यात आली. चितू असीरगडच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर राज्यावर इंग्रजांचे वर्चस्व प्रस्थापित झाले, १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. गढीचे लष्करी प्रयोजन अशा रीतीने बांधणीनंतर थोड्याच वर्षांत संपले. डागडुजीचे सामुदायिक कारणही त्याबरोबर संपले.

त्यानंतर गढी हे मालगुजाराचे घर म्हणून उरली. १९५१ मध्ये जुन्या मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट झाली, तेव्हा गावठाणातील घरे व आवारे पूर्वीच्या मालकांकडेच राहिली. परंतु त्यांची देखभाल करण्याचे उत्पन्न राहिले नाही. वारसांत वाटण्या झाल्या, लाकूड व विटा काढून नेण्यात आल्या. पांढरीची माती नत्रयुक्त व खतासारखी उपयुक्त असल्याने ती गाड्या भरभरून शेतांत नेण्याची रीत होती. अशा खोदाईत गढीबरोबर तिच्याखालील प्राचीन वस्तीचे थरही नाहीसे होतात. काही गावी उंच जागा म्हणून गढीवर पाण्याची टाकी, शाळा किंवा ग्रामपंचायतीची इमारत बांधण्यात आली.

राज्यातील नामवंत घराण्यांशी निगडित वास्तूंकडे तुलनेने अधिक लक्ष गेले. वेरूळ (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) येथील मालोजीराजे भोसले यांची गढी, सिंदखेडराजा (बुलढाणा जिल्हा) येथील लखुजी जाधवांचा राजवाडा, चौंडी (अहिल्यानगर जिल्हा) येथील अहिल्याबाई होळकरांच्या माहेरची गढी आणि सासवड येथील पुरंदऱ्यांचा वाडा ही त्यांची ठळक उदाहरणे होत. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम (१९६०) अशा वास्तूंना संरक्षण देऊ शकतो. परंतु ज्या गढीशी कोणा पराक्रमी पुरुषाचे नाव जोडलेले नाही, ती सहसा या कक्षेत येत नाही. वस्तुतः अशा निनावी गढ्यांचे ऐतिहासिक मूल्य कमी नाही. किल्ले राज्यांचा इतिहास सांगतात. गावगढी ही राज्य कोलमडले असता सामान्य शेतकऱ्याने काय केले, याचा पुरावा आहे. तिचा आराखडा, मातीचे थर, विहीर व पेवे यांची मोजमापे आणि गावातील तोंडी परंपरा यांची पद्धतशीर नोंद झाल्यास अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील ग्रामजीवनाच्या अभ्यासास मोलाचे साधन उपलब्ध होईल. माती एकदा शेतात पसरली, की हे साधन पुन्हा मिळवता येत नाही.